पहिल्या मुठीचा शेंदूर

गोरेगावात मला चिडवायचं असलं की पोरं म्हणायची, ‘ही बॅटरीवर चालू झालेली पोरगी आहे.’ त्यात खोटं काही नव्हतं. आईला कळा सुरू झाल्या त्या सकाळी हिंगोलीला न्यायला ठरवलेली जीप स्टँडवरच बंद पडली. ढकलून झाली, शिव्या घालून झाल्या, कुणीतरी नारळसुद्धा फोडला. शेवटी मागच्या टपरीतून रामदास राठोड नावाचा विशीतला पोरगा स्वतःकडची बॅटरी खांद्यावर घेऊन आला, ती त्यानं जीपला जोडली, आणि वाटेत पुन्हा घोटाळा नको म्हणून पुढच्या सीटवर बसून हिंगोलीपर्यंत आला. मी जन्मले तेव्हा तो दवाखान्याच्या आवारात शर्टाला पडलेली ॲसिडची भोकं मोजत बसला होता, असं दादा, म्हणजे माझे वडील, रंगवून सांगत. आईला सख्खा भाऊ नव्हता. पुढच्या राखीपौर्णिमेला तिनं शेजारच्या तांड्यावरच्या या पोराला घरी बोलावलं, पाटावर बसवलं आणि राखी बांधली. तेव्हापासून ते आमचे रामामामा झाले आणि आई त्यांची अक्का.

मामांची टपरी ओढ्याच्या काठाला होती. पत्र्याच्या भिंती, दारात पाण्याचा रांजण, आत दिवसभर चार्जरची घूं घूं आणि नाकात चढणारा तो आंबट वास. शाळा सुटली की आई फडक्यात दोन भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी बांधून देई. ती मामांना पोचवायच्या निमित्तानं मी जाई आणि दिवे लागेपर्यंत तिथेच रमे. मामा जेवायच्या आधी तीनदा हात धुवत. आधी राखेनं, मग साबणानं, मग नुसत्या पाण्यानं. मलाही धुवायला लावत. ‘शिसं हाय, ॲसिड हाय, लेकरा. पोटात गेलं तं कामातून जाशील.’ चौथी नापास माणूस. पण वीज कशी पळते, बॅटरीत सहा घरं असतात आणि दर घराला दोन व्होल्ट मिळतात, हे मी त्यांच्याकडून शिकले. सहा दुणे बारा हे मला पाढ्याच्या आधी बॅटरीतून कळलं. तांड्यावरची माणसं आली की मामा त्यांच्याशी गोरमाटीत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि मीटरशी कुठल्याच भाषेत नाही. नुसते काट्याकडे बघत. माझं कुठलंही म्हणणं ते एकाच प्रश्नानं तपासत. ही बॅटरी उतरली म्हटलं तर, ‘मोजलंस का?’ आज ऊन फार आहे म्हटलं तरी, ‘मोजलंस का?’ मी मीटरच्या पिना लावून आकडा सांगितला की मान डोलवून म्हणत, ‘मंग बराबर असंल.’ पुढे मला मोठमोठ्या पदव्यांचे शिक्षक लाभले. त्यांच्यातल्या एकानंही विज्ञान याहून थोडक्यात सांगितलं नाही.

औरंगाबादला एम.एस्सी.ला गेले तेव्हा हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही परभणीचे होतो, आणि मुंबईबाहेरही एखादं गोरेगाव असतं यावर वसतिगृहातल्या मुलींचा विश्वास बसत नव्हता. प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, मातीतल्या जड धातूंवर काम करा, कारखान्यांच्या आसपास बघा. मी म्हटलं, मी माझ्या गावाकडे बघते. बॅटरीच्या टपरीचं पाणी ओढ्यात जातं, ओढ्याकाठी वावरं आहेत, त्या मातीत शिसं मुरतं का ते मोजते. मामांवर माझा कसलाही राग किंवा संशय नव्हता. जागा ओळखीची होती आणि घरचं जेवण मिळणार होतं. खरं सांगायचं तर घरचं जेवण हेच पहिलं कारण. मामांना विचारलं तेव्हा तेच जास्त खूश झाले. ‘मोज की. आपल्याला बी कळंल,’ म्हणाले.

बेत सरळ होता. टपरीच्या वरच्या अंगाला गायरान होतं. तिथली माती स्वच्छ धरायची आणि खालच्या अंगाच्या आठ वावरांतली माती तिच्याशी ताडून बघायची. मी तर सोवळंच पाळायला लागले. लोखंडी खुरपं चालणार नाही, जस्ताची बादली नको, लाकडी उलथनं आणि नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. हातातल्या बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या. आई म्हणाली, ‘माती काढाया चालली का श्राद्धाच्या सैपाकाला?’ गायरानातली माती बिनबोभाट मिळाली, ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. वावरांत मात्र गाडं अडलं. आमच्याकडे वावरातली माती गावाबाहेर देत नाहीत; मातीसोबत लक्ष्मी जाते. पहिल्याच वावरात कोंडिबाची सून पदर खोचून आडवी उभी राहिली. ‘बाई, तुमी शिकलेल्या हाव, पण माती न्हाई द्यायची. काहून नेऊन राहिल्या आमची लक्ष्मी?’ मी तिला विज्ञान सांगत बसले आणि ती माझ्याकडे येडीकडे बघावं तसं बघत राहिली.

तोड आईनं काढली. आमच्या देवळीत पितळेची एक चपटी डबी होती, बांधावरच्या म्हसोबासाठी आणलेल्या शेंदराची. ती कमरेला खोचून आई माझ्याबरोबर वावरावावरांतून हिंडली. उकरलेल्या मातीची पहिली मूठ पिशवीत पडली की तिच्यावर चिमूटभर शेंदूर टाकायची आणि हात जोडून म्हणायची, ‘आता ही माती देवाची झाली. देवाचा माल कोन अडवतंय?’ बायका हसायच्या, त्याही हात जोडायच्या, आणि पिशवी भरू द्यायच्या. मला आईच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं. एकच वावर निराळं निघालं. निवृत्त जोशी गुरुजींचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. ‘माती ती माती. ने पाहिजे तेवढी,’ म्हणाले, आणि आईची डबी तिथे उघडलीच नाही. मी माझ्या वहीत सगळं लिहिलं होतं. किती बोटं खोल उकरलं, मातीचा रंग कसा, ओढा किती पावलांवर, वरून पक्षी उडत होते तेसुद्धा. शेंदराचं लिहिलं नाही. त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं मनातच आलं नाही.

औरंगाबादला माती वाळवली, कुटली, चाळली, आम्लात उकळली आणि विभागातल्या यंत्रावर मोजली. गायरानात शिसं जवळजवळ नव्हतं. खालच्या आठांपैकी सात वावरांत ते इतकं होतं की यंत्र बिघडलं असेल म्हणून मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. आठवं गुरुजींचं, तिथे गायरानाइतकंच. सरांनी आलेख बघून विचारलं, ‘टपरीपासून लांब गेलं तरी आकडा उतरत कसा नाही?’ मी म्हटलं, पावसाळ्यात ओढा सगळीकडे पसरतो. ‘आणि हा एक खाली कसा?’ मी म्हटलं, नमुना घेताना माझी काहीतरी चूक झाली असणार. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बघा, विचार करा. मी विचार केला नाही. गुरुजींच्या आकड्यावर काट मारली आणि उरलेल्या सातांवरून एक झोकदार रेघ ओढली. आज विद्यार्थी माझ्यासमोर असली रेघ घेऊन येतात तेव्हा मी फार चिडते. बिचाऱ्यांना कळत नाही, बाई एवढ्याशा गोष्टीवर एवढ्या का कातावतात.

संक्रांतीला घरी आले. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी. प्रबंध अजून लिहायचा होता, सरांनी सही केलेली नव्हती, पण माझ्या जिभेला धीर नव्हता. पानावर बसल्या बसल्या मी सांगून टाकलं की ओढ्याकाठच्या वावरांत शिसं आहे, भरपूर आहे, आणि वरच्या गायरानात नाही. दादांचा घास हातातच राहिला. ‘म्हंजे रामदासच्या टपरीचं?’ मी म्हटलं, तसंच दिसतंय. शिशानं काय होतं, हेही विचारलं त्यांनी, आणि मीही पुस्तकातलं घडाघडा सांगितलं. लहान लेकरांच्या मेंदूला धोका असतो, पोट दुखतं, कधी झटके येतात. आई आमटी वाढत होती. ती म्हणाली, ‘आधी रामूला सांग. त्यो ऐकंल.’ एवढं एक शहाणपणाचं वाक्य त्या दिवशी आमच्या घरात बोललं गेलं, आणि मी उद्या सांगते म्हटलं.

उद्या उजाडेपर्यंत दादांनी स्टँडवर सांगून टाकलं होतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माझी पोरगी मातीतलं विष शोधती, एवढंच त्यांना चारचौघांत मिरवायचं होतं. पण ऐकणाऱ्यांत कोंडिबा होता. त्याचा चार वर्षांचा नातू आदल्या पावसाळ्यात तापात झटके येऊन गेला होता. मी धावत पोचले तोवर टपरीपुढे तीसेक माणसं जमली होती आणि त्यातली निम्मी मामांच्या बॅटरीवर टीव्ही बघणारी होती. पत्रे उपटले होते, बॅटऱ्या ओढून रस्त्यावर आपटल्या होत्या. फुटलेल्या बॅटरीचं ॲसिड मामांच्या उजव्या पायावर सांडलं होतं आणि ते रांजणातलं पाणी ओतून घेत होते. कोंडिबा त्यांचा शर्ट धरून ओरडत होता, ‘माझं लेकरू खाल्लं तुझ्या शिशानं! तुला ठावं नव्हतं व्हय?’ कुणीतरी मागून मामांच्या पाठीत काठी घातली. मी मध्ये शिरले. मला बघून गर्दी जरा थबकली, कारण त्या दिवशी मी त्यांची साक्षीदार होते.

मामांनी वर बघितलं. तोंडावर राग नव्हता. टपरीत विचारत तसंच विचारलं, ‘नंदे, तू मोजलंस का?’

मी म्हटलं, ‘हो, मामा.’

‘मंग बराबर असंल,’ ते म्हणाले, आणि कोंडिबाचा हात शर्टावरून अलगद सोडवून खाली बसले.

त्यानंतर कुणी हात उचलला नाही. माणूस कबूलच करतोय म्हटल्यावर मारायची मजा निघून गेली असावी. आई आली, तिनं सगळ्या गावाला त्यांच्या आयाबहिणींसकट सुनावलं, मामांच्या पायाला कोरफड लावली. ते तिच्याकडे बघेनात. आठ दिवसांत बिऱ्हाड हलवून ते निघून गेले. तांड्यावरच्या लोकांकडून नंतर कळलं की डोंगरकडा नावाच्या गावी रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात, बॅटरीला हात लावत नाहीत.

चूक मला मार्चमध्ये सापडली, आणि तीही प्रयोगशाळेत नाही. वसतिगृहाच्या लोखंडी फाटकाला रंग देत होते. रंगारी पहिला हात मारत होता तो नारिंगी-लाल. मी सहज विचारलं, हा कसला रंग? ‘शेंदूर हाये, बाई. याच्यानं गंज धरत नाई.’ शेजारी डबा होता, त्यावर इंग्रजीत छापलं होतं, रेड लेड. मी तिथेच पायरीवर बसले. रेड लेडचं सूत्र मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. शिशाचा ऑक्साइड, परीक्षेत हमखास विचारतात. शेंदूर मला जन्मल्यापासून माहीत होता. पण रसायनशास्त्र मी इंग्रजीत शिकले आणि देव मराठीत, आणि या दोघांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. सात पिशव्यांत आईच्या डबीतलं शिसं होतं. गुरुजींच्या पिशवीत नव्हतं. गायरानाला मालक नव्हता म्हणून तिथेही नव्हतं. दुकानातून आणलेला चिमूटभर शेंदूर गुरुजींच्या उरलेल्या मातीत मिसळून मी यंत्रावर लावला, तेव्हा माझ्या सात वावरांपैकी कुठल्याही वावरासारखा आकडा आला.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. सरांकडे जाऊन सगळं सांगायचं म्हणजे वर्ष वाया, पहिला नंबर गेला, होऊ घातलेली नोकरी गेली. मी गेले नाही. आणि मनाला एक सोज्वळ कारण देऊन ठेवलं, की आईला हे कळलं तर ती जगणार नाही. आपल्या हातच्या शेंदरानं आपल्याच भावाला गावातून घालवलं हे तिला कसं सोसेल? हे कारण मी इतकी वर्षं वापरलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. आज पन्नाशी उलटल्यावर लिहिते आहे तर लिहूनच टाकते. मी भ्याले होते, आणि आईच्या पदराआड लपले होते. पहिला नंबर आला. हिंगोलीच्या कॉलेजात नोकरी लागली. मुलांना मी नेहमी सांगते, गावात आकडा सांगण्याआधी तो कुणाच्या दारात जाऊन उभा राहील ते बघा. ती वहीत लिहून घेतात.

आई दर श्रावणात डोंगरकड्याला पाकिटातून राखी धाडायची. उत्तर येत नसे. एकदा जीपनं स्वतः गेली, तर मामीनं चहा दिला आणि मामा बाहेरगावी गेलेत म्हणून सांगितलं. दारामागे त्यांच्या चपला होत्या, हे आईनं घरी येऊन चारदा सांगितलं. राखीपौर्णिमेला ती शेवयांची खीर करायची आणि दुपार टळेपर्यंत कुणाला वाढायची नाही. ‘रामू रागावला माझ्यावर. माझ्याच घरातून बोभाटा झाला ना,’ म्हणायची. मी समोर बसलेली असे. एक वाक्य बोलले असते तर तिला तिचा भाऊ मिळाला असता. मी म्हणे, ‘जाऊ दे आई, येतील कधीतरी.’ बारा श्रावण असे गेले. मग आई गेली, आणि माझं ते सोज्वळ कारणही तिच्याबरोबर गेलं.

डोंगरकड्याला पोचले तेव्हा मामा ओट्यावर एका जुन्या रेडिओला डाग देत होते. केस पांढरे, उजवं पाऊल कातडी ओढल्यासारखं. मी पाया पडले. सरळच सांगितलं, गायरान, गुरुजी, डबी, शेंदूर, सगळं; आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून मला ठाऊक होतं, हेही. डाग द्यायची सळई त्यांच्या हातातच राहिली.

‘म्हंजे कोंडिबाचं लेकरू माझ्यापायी गेलं न्हाई?’

‘नाही मामा. ते तापानं गेलं असेल. वावरात शिसं होतं असं मला म्हणताच येत नव्हतं.’

‘माझ्या टपरीचं काहीच न्हवतं?’

यावर खोटं बोलायचा मला फार मोह झाला. ‘थोडं असेलही. ते मी मोजलंच नाही. आता तिथे सिमेंटची दुकानं झालीत, आता कुणालाच कळणार नाही.’

त्यांनी सळई खाली ठेवली. मग म्हणाले, ‘बारा वर्सं झोपेत त्या लेकराचं तोंड दिसून राहिलं मला. हात धुऊन धुऊन साल निघाली, पण वाटायचं, याच हातांनी अक्काच्या गावच्या मातीत इख कालवलं. असल्या हाताला राखी कशी बांधून घ्यावी?’ मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली नाही, नाकारलीही नाही. नुसतं विचारलं, ‘अक्काला सांगितलं व्हतं का?’

‘नाही. आता ती...’

‘ठावं हाय मला. खांदा द्यायला येनार व्हतो. हिंगोलीहून माघारी फिरलो.’

मग ते उठून आत गेले आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत बारा पाकिटं होती, आईच्या वाकड्या अक्षरांतली, एकही फोडलेलं नव्हतं. ‘उघड,’ म्हणाले, ‘मला धीर व्हईना.’ मी एकेक फोडत गेले. प्रत्येकात राखी, चार अक्षता, आणि कागदाची एक पुडी. पुडीत म्हसोबाचा शेंदूर. वावर देवाचं, भाऊ देवाचा, त्याची लक्ष्मी जाऊ नये, एवढाच तिचा हिशोब. मी त्यातली एक राखी मामांच्या मनगटाला बांधायला गेले तर माझ्याच्यानं गाठ बसेना. शेवटी त्यांनीच एका हातानं आणि दातांनी ओढून बांधली. पुडीत बोट बुडवून त्यांनी शेंदूर कपाळाला लावला आणि तेच बोट पुसायला हात धोतराकडे नेला.

जिथे बोलायला नको होतं तिथे मी बोलले होते आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे बारा वर्षं गप्प बसले होते. आत मामी जेवणाची ताटं मांडत असल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, ‘मामा, जेवायच्या आधी हात धुऊन घ्या. शेंदरात शिसं असतं.’

त्यांनी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘मोजलंस का?’

‘हो मामा. हे मोजलंय.’

‘मंग बराबर असंल,’ ते म्हणाले, आणि मोरीकडे गेले. राखेनं धुतले, साबणानं धुतले, नुसत्या पाण्यानं धुतले. कपाळाला मात्र त्यांनी पाणी लागू दिलं नाही.